मेसच्या खरकट्यासाठी टाकी घेताय? आधी ती चालवणाऱ्या माणसाच्या पगाराची मंजुरी घ्या

तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. नागपुरातलं वसतिगृह, साडेतीनशे मुलं, मेसच्या मागे रोज खरकट्याने भरणारे ड्रम, आणि 'मार्चच्या आत बायोगॅसची टाकी बसवायची आहे, कोणती घ्यावी?' हा प्रश्न. मी सहा वर्षं मुलींच्या एका वसतिगृहाची रेक्टर होते. शहर हेच, महिना हाच आणि घाईही हीच. म्हणून राहवलं नाही.

ओला-सुका वेगळा करणं, प्लास्टिकचे ग्लास बंद करणं हे तुम्ही करतच असाल, त्यात शिरत नाही. कोणती टाकी घ्यायची तेही सांगत नाही, कारण आमचं घोडं तिथे अडलं नव्हतं. तंत्रात खोट नाही. पुण्याच्या 'आरती' संस्थेच्या छोट्या टाकीला 2006 साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला, भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'निसर्गऋण' संयंत्रही स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर चालतं. मी स्वतः दोन-तीन चालू टाक्या पाहून आले आहे. प्रत्येक ठिकाणी एक माणूस होता आणि टाकी सांभाळणं हेच त्याचं काम होतं.

आमच्याकडे निधी आला फेब्रुवारीत. 31 मार्चच्या आत खर्च झाला नाही तर परत जाणार, म्हणून धावपळ करून कोटेशनं मागवली, टाकी बसवली, फोटो काढले. ती रोज चालवणार कोण, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, एवढी मोठी रक्कम मंजूर करणारे महिन्याच्या चार-पाच हजारांना कशाला नाही म्हणतील? ते नाही म्हणाले. यंत्रखरेदीला हेड, म्हणजे हिशेबात खर्चाचं खातं, होतं, माणसाच्या पगाराला नव्हतं. तीन वेळा फाइल पाठवली. तिन्ही वेळा शेरा तोच : 'विद्यमान कर्मचाऱ्यांकडून काम करून घ्यावे.' विद्यमान कर्मचारी म्हणजे एक चौकीदार आणि एक सफाईवाले दादा, ज्यांच्याकडे आधीच तीन मजले होते. कार्यालयाचं नाव घेत नाही, पण त्या टेबलासमोर मी किती दुपारी उभी राहिले ते आठवलं की आजही जीव तुटतो.

शेवटी पदरमोड केली. आम्ही तिघी शिक्षिका मिळून त्या दादांना वरचे पैसे देत होतो आणि चार महिने टाकी उत्तम चालली. दादा रोज संध्याकाळी बादलीत खरकटं हाताने चुरायचे, हाडं, लिंबाच्या फोडी, अंड्याची टरफलं वेचून काढायचे, तितकंच पाणी घालून ढवळायचे आणि मगच आत सोडायचे. निळी ज्योत यायची. मेसची कणीक भिजेपर्यंत सकाळचा चहा त्या गॅसवर होत असे. मग त्यांना दुसरीकडे कायमची नोकरी लागली. मी त्यांना थांबवू शकत नव्हते, थांबवायलाही नको होतं.

त्यानंतर मेसवाल्याची पोरं ड्रम जसाच्या तसा टाकीत ओतायला लागली. डिसेंबरचे दिवस. आंबिया बहाराची संत्री कळमन्याच्या बाजारातून स्वस्तात आलेली, रोज जेवणानंतर प्रत्येकीला एक संत्रं. तीनशे संत्र्यांची सालं, बियांसकट, रोज टाकीत. वरून थंडी. आठवडाभरात एक पोरगा सांगत आला, "मॅडम, गॅस पेटूनच नाही राहिला." झाकण उघडलं तर आंबूस, नाकात झोंबणारा वास. संत्र्याच्या सालीतलं तेल, त्यातलं लिमोनीन, गॅस तयार करणाऱ्या जंतूंना मारक असतं. शिवाय भात-पोळीचा एकदम भडिमार झाला की आतलं आम्ल वाढतं आणि उरलेले जंतूही हात टेकतात. गॅस येतो, पण त्यात जळणारा मिथेन इतका कमी की ज्योत धरत नाही.

टाकी म्हणजे गाईचं पोट समजा. गाईपुढे भाताचं टोपलं ओतलं तर तिचंही पोट आंबतं, प्रसंगी ती दगावते. (तुमच्यापैकी कुणी उरलेला भात गोठ्यावर नेऊन देत असेल तर कृपा करून प्रमाणात द्या. हेतू चांगला असतो, पण जनावर जातं.) टाकी आंबली की खाद्य बंद करायचं, शेणकाला घालायचा, बरेच दिवस वाट पाहायची आणि मग थोडं थोडं सुरू करायचं. हे करायलाही माणूसच लागतो. आमच्याकडे तो नव्हता. शेजारच्या घरांतून वासाच्या तक्रारी आल्या, टाकीला कुलूप लागलं. पुढच्या वर्षी ऑडिटमध्ये संयंत्र बंद का म्हणून खुलासा मागितला तो माझ्याकडे, आणि पत्र त्याच कार्यालयाचं.

म्हणून कळकळीने सांगते, टाकीच्या प्रस्तावातच तीन वर्षांचं चालवण्याचं कंत्राट घाला, म्हणजे माणसाचा पगार खरेदीच्याच रकमेत बसतो. हे आमच्याकडे नंतर एका निवृत्त लेखापालांनी सुचवलं. तुमच्या संस्थेच्या नियमात बसतं का ते विचारून घ्या, मी हिशेबाच्या शाखेची नाही. बसत नसेल तर निधी परत गेला तरी चालेल, टाकी घेऊ नका. आणि गॅस किती मिळेल याचे विक्रेत्याचे आकडे घेताना एवढं लक्षात ठेवा : एक घनमीटर बायोगॅस म्हणजे साधारण 450 ग्रॅम एलपीजी. व्यावसायिक सिलिंडर 19 किलोचं असतं. भागाकार तुम्हीच करा.

आता खरं काम. टाकी बंद पडल्यावर एका रात्री आम्ही मेसच्या मागे ताडपत्री अंथरली, हातमोजे घातले आणि ड्रम उपडा केला. तीन ढीग केले : चिरताना निघालेलं, भांड्यात उरलेलं, ताटातलं उष्टं. लटकवायच्या काट्यावर वजन केलं. आठ दिवस रोज. पहिल्या रात्री साठ किलोच्या आसपास भरलं. सगळ्यात मोठा ढीग पोळ्यांचा होता, एकेक घास तोडून दुमडून टाकलेल्या पोळ्या. हातात घेतली तर चामट. पोळ्या पाच वाजता लाटून डब्यात दाबून ठेवायचे. खालच्या वाफेने ओल्या, वरच्या कडक, आणि मुली जेवायला यायच्या साडेआठला. आपल्या मुली माजल्यात, त्यांना अन्नाची किंमत नाही, असं मी तोवर चार सभांमध्ये बोलून बसले होते. त्याचं आजही वाईट वाटतं.

पोळ्या दोन खेपांत लाटायला सुरुवात केली, दुसरी खेप आठनंतर. भाताचा मोठा झारा काढून घरचा डाव ठेवला, पाहिजे तितक्यांदा घ्या, पण डाव लहान. गोळाभाताच्या दिवशी भाताचा ढीग जवळपास नसायचाच हेही दिसलं, म्हणून तो महिन्यातून एकदाचा आठवड्यातून एकदा केला. दोन महिन्यांत वजन निम्म्यावर आलं. भिंतीवरच्या 'अन्न वाया घालवू नका' फलकांनी काही होत नाही, ते काढून टाका. त्याजागी फळ्यावर कालचं वजन खडूने लिहा, एवढंच.

भांड्यात उरलेल्याचं कारण मात्र करारात सापडलं. 'जेवण कमी पडल्यास दंड' हे कलम मीच घातलं होतं. त्या भीतीने मेसवाला रोज चाळीस जणींचं जादा रांधायचा, आणि रविवारी तर अर्ध्या मुली फुटाळा तलावावर नाहीतर सावजी खायला. आम्ही दुपारी चारपर्यंत ग्रुपवर हजेरी घ्यायला लागलो आणि करारात लिहून दिलं की शेवटच्या अर्ध्या तासात भाजी संपली तर गरम खिचडी दिली तरी चालेल, दंड नाही. मेसवाल्याला शत्रू समजू नका. माल त्याच्याच पैशाचा वाया जातो, त्याला फक्त सुरक्षितता हवी असते.

एवढं करूनही उरलं तर, न वाढलेलं अन्नच बाहेर द्या, ताटातलं कधीच नाही. जादा अन्नवाटपाचे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे 2019 चे नियम आहेत, ते वाचून घ्या. आपल्याकडच्या मे महिन्यात वरण तासाभरात उतरतं, म्हणून 60 अंशांच्या वर गरम राहत असेल तरच द्या. नाहीतर चांगल्या मनाने विषबाधा होईल.

कार्यालय अगदीच दाद देत नसेल तर वजनांची वही घेऊन जा. दिवसाला सरासरी 100 किलोच्या वर कचरा करणाऱ्या संस्थेने ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, हे 2016 च्या घनकचरा नियमांपासून चालत आलंय. फक्त मेसचं नाही, सगळ्या आवाराचं वजन धरा. एरवी हे सगळं भांडेवाडीच्या कचरा डेपोलाच जातं, तिथे दबून मिथेन होतो, आणि उन्हाळ्यात तिथला धूर आपण सगळे बघतोच.

माझा अनुभव एका वसतिगृहाचा आणि मुलींच्या मेसचा आहे. मुलांच्या मेसमध्ये पोळ्यांऐवजी दुसराच ढीग मोठा निघू शकतो. पण आठ दिवस वजन केल्याशिवाय एकाही कोटेशनवर सही करू नका. लटकवायचा काटा माझ्याकडे अजून आहे, 50 किलोपर्यंत चालतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, धरमपेठेतून घेऊन जाता येईल. ताडपत्री मात्र तुमची आणा, आमची त्या आठ दिवसांतच गेली.