पोर्ट म्हणजे बंदर नव्हे

फोंड्याच्या एका वाचकांचा प्रश्न असा आहे: आपल्या चमूतील नवख्यांसाठी वेब अनुप्रयोगाचे विकसन-वातावरण कंटेनरांमध्ये (म्हणजे अनुप्रयोग त्याच्या साऱ्या सामग्रीसह वेगळा चालवणाऱ्या बंदिस्त कप्प्यांमध्ये) कसे उभारावे, याच्या सूचना ते मराठीत लिहीत आहेत, ‘पोर्ट मॅप करणे’ (संगणकाच्या एका क्रमांकित प्रवेशबिंदूला कंटेनरच्या तशाच बिंदूशी जोडणे) यासाठी त्यांनी ‘बंदर-जोडणी’ हा शब्द योजला आहे, तो चालेल का, आणि ‘इमेज’ला, म्हणजे ज्या तयार साच्यातून कंटेनर उभा राहतो त्याला, ‘प्रतिमा’ म्हणावे का?

‘बंदर-जोडणी’ चालणार नाही. ‘8080 या बंदरावर अनुप्रयोग सुरू करा’ असली वाक्ये हल्ली वारंवार कानी पडतात आणि दर वेळी मला मुरगावच्या धक्क्यावर लागलेली खनिजाची बार्ज दिसू लागते. हा घोळ का झाला, हे कळण्याजोगे आहे. कंटेनर चालवणारे प्रसिद्ध साधन डॉकर; या शब्दाचा अर्थ गोदी कामगार, त्याच्या बोधचिन्हातला देवमासा पाठीवर कंटेनर वाहतो, आणि अनेक कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालीचे नाव असलेला कुबेरनेटीस हा ग्रीक शब्द सुकाणू धरणाऱ्यासाठी आहे. इतका दर्यावर्दी परिवार जमल्यावर पोर्टही बंदरच असणार, असे कोणालाही वाटेल. परंतु डॉकर जगापुढे आले 2013 मध्ये, आणि पोर्टचा 16 बिटांचा क्रमांक 1981 च्या टीसीपी (संगणकांमधील संदेशवहनाचे नियम) प्रमाणकातच ठरलेला होता. जहाजांची ही उपमा पोर्टनंतर आली आहे.

लॅटिनमध्ये दोन शब्द आहेत: ‘पोर्तुस’ म्हणजे बंदर आणि ‘पोर्ता’ म्हणजे दार. इंग्रजीत दोहोंचे शेपूट गळून एकच ‘पोर्ट’ उरला. संगणकातला पोर्ट हा दुसऱ्या घराण्यातला. तोफेचे तोंड बाहेर काढण्यासाठी जहाजाच्या कुशीत ठेवलेल्या झरोक्यालाही याच अर्थाने पोर्ट म्हणत. याचा पुरावा आपल्या गोमंतकीयांच्या अगदी उंबरठ्यावर आहे. पोर्तुगीज भाषेत बंदर ‘पोर्तो’ आणि दार ‘पोर्ता’ असे दोन शब्द आजही वेगळे नांदतात, आणि पोर्तुगीज अभियंते नेटवर्कच्या पोर्टला ‘पोर्ता’च म्हणतात. इटालियनांचेही तसेच. स्पॅनिश लोक मात्र ‘पुएर्तो’, म्हणजे बंदर, म्हणतात, आणि बंदरवादी परिभाषाकार हा दाखला मोठ्या विजयाने पुढे करतात. परंतु स्पॅनिशांनी इंग्रजी शब्दाचा चुकीचा अर्थ उचलला म्हणून तो मराठीनेही उचलावा, हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. (जाता जाता: आपले ‘जनेल’ ज्या ‘जानेला’वरून आले, ती लॅटिन ‘यानुआ’ची, म्हणजे दाराचीच, धाकटी पाती आहे.) आणखी खोल गेले तर पोर्ता व पोर्तुस ही दोन्ही ‘पलीकडे जाणे’ या अर्थाच्या ज्या मुळाशी पोचतात, त्याच मुळाचा संस्कृत ‘पृ’ आणि त्यावरून आलेला आपला ‘पार’. म्हणजे घराणे दूरचे असले तरी अगदीच परके नाही.

दोन अर्थांतले अंतर पाहायचे असेल तर जुन्या गोव्यातील व्हाइसरॉयची कमान पाहावी. मांडवीच्या धक्क्याला जहाज लागे ते बंदर, आणि नवा व्हाइसरॉय ज्या कमानीतून नगरात प्रवेश करी ते दार. यंत्राचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा अंकी पत्ता) म्हणजे तो धक्का, आणि पोर्ट म्हणजे त्या पत्त्यावर पोचल्यानंतर नेमके आत कोठून शिरायचे, याचा क्रमांक.

‘दार’ मानले की सूचना आपोआप सरळ होतात. 8080:80 या जोडीत डावीकडचा क्रमांक यजमान यंत्राच्या, म्हणजे ज्यावर कंटेनर चालतो त्या संगणकाच्या, दाराचा, उजवीकडचा कंटेनरच्या दाराचा; तेव्हा ‘यजमानाचे दार 8080 कंटेनरच्या दार 80 शी जोडा’ असे लिहावे. डॉकरफाइलमधला (इमेज कशी बांधायची याच्या सूचनांच्या फाइलीतला) ‘एक्स्पोज’ दार उघडत नाही, ‘येथे दार आहे’ एवढी नोंद करतो. उघडण्याचे काम कंटेनर सुरू करण्याच्या आज्ञेतला ‘पी’ हा पर्याय किंवा कंपोज फाइलमधील (अनेक सेवा एकत्र मांडणाऱ्या फाइलीतला) ‘पोर्ट्स’ करतो. अनुप्रयोग कंटेनरच्या आत केवळ 127.0.0.1 वर ऐकत असेल, तर दारे जोडूनही बाहेरचा कोणी आत पोचत नाही, कारण तो पत्ता त्या कंटेनरचा स्वतःपुरता असतो, म्हणून 0.0.0.0 वर, म्हणजे कंटेनरच्या सर्व पत्त्यांवर, ऐकावयास सांगावे लागते. एकाच कंपोज फाइलमधील सेवा आपल्या अंतर्गत नेटवर्कवर परस्परांना सेवेच्या नावाने हाक मारतात, तेव्हा पोस्टग्रेस या विदागाराच्या (डेटाबेसच्या) 5432 या दाराला यजमानाशी जोडण्याची गरज बहुधा नसते.

मात्र एक खबरदारी घ्यावी: ‘पोर्ट लावा’ असे लिहू नये. मराठीत दार लावणे म्हणजे बंद करणे, आणि आपल्याला नेमके उलट सांगायचे असते.

‘इमेज’ला ‘प्रतिमा’ म्हणण्यास माझी हरकत नाही. हरकत आहे ती ‘कंटेनर उतरवून घ्या’ या आज्ञेला: उतरवून घेतली जाते ती प्रतिमा, आणि ती चालू केल्यावर जो उभा राहतो तो कंटेनर.