खडूसारखा मोडणारा मिश्रधातू, मग त्याचेच तंतू लवचिक कसे?

तुम्ही देवगडहून विचारलंय: निकेल-मँगनीज-गॅलियमचा तुकडा चुंबकापुढे लांबी बदलतो पण पटकन मोडतो, मग त्याचे केसाएवढे तंतू वाकतात कसे? आणि प्रोजेक्टमधल्या यांत्रिक माशाची शेपटी त्यांनी हलेल का?

मी धातुशास्त्र शिकलोय, पण मूळचा कुडाळचा, म्हणून चिव्यापासून, म्हणजे आमच्याकडच्या बारीक बांबूपासून, सुरुवात करतो. ओतलेल्या धातूचा गोळा म्हणजे जांभ्याचा गडगा, दगडावर दगड रचलेली भिंत. त्यातला प्रत्येक कण, म्हणजे छोटा स्फटिक, चहूबाजूंनी शेजाऱ्यांत अडकलेला. चुंबकाने एकाला आकार बदलायचा झाला तरी शेजारी हलू देत नाहीत. ताण सांध्यावर साचतो आणि तिथेच तडा जातो. तंतू बारीक असला की एकेक कण त्याची अख्खी जाडी व्यापतो. चिव्याच्या काठीसारखी पेरामागून पेरं, बाजू मोकळ्या. या रचनेला धातुशास्त्रातही बांबूचंच नाव आहे!

दुसरं कारण निव्वळ गणिताचं. ५० मायक्रॉनचा तंतू ५ मिलिमीटर त्रिज्येत वाकवला तर बाहेरची बाजू जेमतेम अर्धा टक्का ताणली जाते. १ मिलिमीटरच्या सळीला त्याच वळणात १० टक्के ताण सोसावा लागेल. ती मोडणारच.

लांबी बदलते ती उष्णतेने नव्हे. अणूंच्या ज्या छोट्या चौकटी रचून स्फटिक बनतो, त्या चौकटीची एक बाजू आखूड असते आणि चुंबकत्वाला तीच दिशा आवडते. चुंबकीय क्षेत्र लावलं की स्फटिकातल्या ज्या पट्ट्यांची आखूड बाजू क्षेत्राच्या दिशेने असते ते वाढतात, बाकीचे आकसतात. १९९६ मध्ये उलाक्को या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी एकसंध स्फटिकात लांबीचा ०.२ टक्के बदल दाखवला. पुढे तो ६ आणि मग १० टक्क्यांच्या आसपास गेला. (सुटं गॅलियम ३० अंशांच्या जरा खालीच वितळतं, म्हणजे आपल्या मे महिन्यात टेबलावरच पाणी. मिश्रधातूत ती भीती नाही.)

आता मासा. हा धातू दर चौरस मिलिमीटरला २-३ न्यूटनच जोर लावतो. ५० मायक्रॉनच्या एका तंतूच्या वाट्याला अर्ध्या ग्रॅमच्या वजनाएवढा जोर येतो, आणि क्षेत्र देणारं चुंबक माशापेक्षा जड होईल. तुम्ही सरळ नायटिनॉलची, म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूची, तार घ्या. ती विजेने तापून आखडते. हवेत गार व्हायला वेळ लावते ही तिची नेहमीची तक्रार, पण पाण्यात ती चटकन गार होते. फक्त वर सिलिकॉनचा थर द्या, नाहीतर खाऱ्या पाण्यातून वीज गळेल. पहिली चाचणी बादलीतल्या विहिरीच्या पाण्यात करा, खाडीत नंतर.