वर्षाचा ताळेबंद आणि मुलीचा एक प्रश्न

प्रश्न : मी 52 वर्षांची असून पुण्यात सहकारनगरला राहते आणि गेली 27 वर्षे एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी करते. सरत्या वर्षाने मला पार घुसळून काढले. एके काळी पर्वतीच्या 103 पायऱ्या रोज चढणारी माझी आई फेब्रुवारीत न्हाणीघरात पडली, खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रियेनंतर तिने अंथरूण धरले. एप्रिलमध्ये, फार वाट पाहिल्यावर, मला विभागप्रमुखपद मिळाले. जुलैत मुलगी सी. ए.ची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाली. तिने आजीच्या हातावर पेढा ठेवला, तेव्हा आईने तो न खाता उशीखाली सरकवला. "पोर ऑफिसातून आली की तिला देईन," असे ती म्हणाली. पोर समोरच उभी होती. पुढे रुग्णालयाच्या खर्चावरून धाकट्या भावाशी बोलणे तुटले, ते अजून तुटलेलेच आहे, आणि सप्टेंबरअखेर आई गेली. या दिवाळीत आमच्याकडे सण नव्हता. फराळाचा डबा घेऊन आलेल्या आत्यांशी बोलताना माझ्या तोंडून निघून गेले, "हे वर्षच वाईट गेले." मुलीने ते ऐकले. रात्री तिने एवढेच विचारले, "मग माझा निकाल कुठल्या वर्षी लागला?" तेव्हापासून मला धड रडताही येत नाही आणि धड आनंदही मानता येत नाही. या वर्षाला मी काय म्हणावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या मुलीचा प्रश्न बोचरा असला तरी रास्त आहे, आणि हिशेबात मुरलेल्या आईला तो तिच्याच भाषेत विचारलेला आहे, म्हणून मीही त्याच भाषेत उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. चूक झाली असेल तर ती तुम्ही माझ्याआधी पकडाल.

तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, मुळात मांडता येते ती एकाच कारणाने : खतावणीतले प्रत्येक खाते रुपयांत मांडलेले असते. भाडे, पगार, रद्दीची विक्री या एकमेकींशी काडीचा संबंध नसलेल्या गोष्टी एका मापात आल्यामुळेच त्यांची बेरीज करता येते. आईचे जाणे आणि मुलीचा निकाल यांना असे सामाईक माप नाही. "वर्ष वाईट गेले" असे म्हणताना तुम्ही नकळत निकाल जमेला धरला, आईचे जाणे नावे टाकले, आणि शिल्लक उणे आली असे जाहीर केले. मुलीला लागले ते नेमके हे : तिचे यश कशाच्या तरी बदल्यात वजा झाले. उलट बाजूनेही हाच घोळ होतो. "आई सुटली बिचारी, आणि लेक सी. ए. झाली, म्हणजे एकूण बरेच झाले की!" असे सांत्वन करणारे नातेवाईक आपल्याकडे कमी नाहीत. तेही बेरीजच करत असतात, फक्त शिल्लक अधिक दाखवतात.

शेवट कडू झाला की मागचे सगळे कडू वाटते, याला मनाच्या कामकाजातलेही एक कारण आहे. पुढे 2002 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांचे सहकारी यांनी 1993 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांनी एकदा 14 अंश सेल्सिअसच्या बोचऱ्या थंड पाण्यात 60 सेकंद हात धरला. दुसऱ्या वेळी तेवढेच 60 सेकंद, आणि त्यावर आणखी 30 सेकंद, ज्यात पाणी हळूहळू 15 अंशांपर्यंत आणले होते. दुसऱ्या वेळचा त्रास उघडच जास्त होता. तरीही यातले काय पुन्हा कराल असे विचारल्यावर बहुतेकांनी दुसरेच निवडले, कारण त्याचा शेवट जरा सुसह्य होता. आठवण काळ मोजत नाही. ती सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट एवढेच धरून ठेवते. आई फेब्रुवारीत गेली असती आणि निकाल सप्टेंबरात लागला असता, तर घटना त्याच राहूनही आत्यांना तुम्ही कदाचित वेगळे उत्तर दिले असते. आईचा मृत्यू म्हणजे थंड पाणी नव्हे, हे मला कळते. दुःख हा स्मरणशक्तीचा खेळ आहे असे मी मुळीच म्हणत नाही. मी बोलतो आहे ते फक्त तुम्ही वर्षाला दिलेल्या नावाविषयी.

शिवाय वर्ष म्हणजे तरी कुठून कुठपर्यंत? कार्यालयात तुमचे वर्ष 1 एप्रिलला सुरू होते, पंचांगाचे चैत्रात, अनेक व्यापारी घरांतले दिवाळीत. आणि तुमच्या घरातले आत्ता चालू असलेले वर्ष आईच्या तिथीपासून मोजले जाते, जे वर्षश्राद्धापर्यंत संपणार नाही. ते खाते अजून उघडे आहे. त्याचा ताळेबंद डिसेंबरात मागण्याचा अधिकार कोणालाही नाही, तुम्हालासुद्धा नाही.

म्हणून ताळेबंद बाजूला ठेवून रोजकीर्द, म्हणजे घडेल तशी क्रमाने केलेली नोंद, लिहा, असे मी सुचवीन. नव्या डायरीची गरज नाही (अप्पा बळवंत चौकातून दर वर्षी हौसेने आणलेली माझी डायरी फेब्रुवारीनंतर वाण्याच्या यादीसाठी वापरली जाते). एक साधी वही पुरे. आठवणीवर मात्र विसंबू नका. पासबुक, रुग्णालयाची बिले, मोबाइलमधील छायाचित्रे आणि निरोप समोर घेऊन बारा महिने क्रमाने लिहा. बिलावरची तारीख आणि त्याच आठवड्यातले छायाचित्र शेजारी आले की न आठवणाऱ्या गोष्टी वर येतात : औषधाच्या पाळ्या कोणी वाटून घेतल्या, रात्री दोन वाजता कोण धावून आले, आई कशावर हसली. पेढ्याची गोष्ट जुलैत लिहाल, तेव्हा ती जमेला घ्यावी की नावे टाकावी हे ठरवता येणार नाही. ठरवू नका.

लिहिल्याने लगेच बरे वाटेल, असे आश्वासन मी देत नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या 1986 मधील अभ्यासात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज 15 मिनिटे, मनाला लागलेल्या प्रसंगांविषयी लिहिले. लिहून झाल्या झाल्या ते अधिक खिन्न झाले. पण ज्यांनी प्रसंग आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत इतरांपेक्षा कमी होत्या. तेव्हा एका बैठकीत एखाददुसराच महिना घ्या, आणि सप्टेंबर झेपत नसेल तर कोरा सोडा.

भावाबद्दल तुम्ही अर्ध्याच वाक्यात लिहिले आहे, म्हणून मीही थोडक्यात सांगतो. बिले काढालच, तेव्हा खर्चाचा नुसता तक्ता, कोणतीही टिप्पणी न जोडता, त्याला पाठवा. ते एकच प्रकरण खरोखर रुपयांचे आहे आणि ते वर्षश्राद्धाआधी मिटलेले बरे.

झोप, भूक किंवा कामातले लक्ष आठवडेच्या आठवडे ताळ्यावर येत नसेल, तर ते दुःखच आहे असे समजून अंगावर काढू नका, डॉक्टरांना भेटा. 14416 या क्रमांकावर शासनाची टेलि-मानस ही विनामूल्य सेवाही मराठीतून बोलते.

मुलीच्या प्रश्नाचे तोंडी उत्तर देऊ नका. वही जुलैपर्यंत आली की तिला शेजारी बसवा आणि ते पान तिलाच लिहू द्या. पेढ्याच्या वेळी आजीसमोर तीच उभी होती.