किल्ली त्यांच्या हातात दे

अनेक आशीर्वाद.

आई-बाबा आणि मावशी ऐन डिसेंबरात तुझ्याकडे परदेशात येताहेत, दोन महिने राहणार आहेत, आणि तुझी यादी तयार आहे: कुठल्या शनिवारी कुठे जायचं, सुट्ट्या कधी टाकायच्या, कोणाकडे जेवायला न्यायचं. यादी छान आहे. मला काळजी वाटते ती यादीत नसलेल्या दिवसांची. सोमवार ते शुक्रवार तू अंधारात घर सोडणार आणि अंधार पडल्यावर परत येणार. मधले नऊ-दहा तास ही तिघं त्या घरात काय करतील, याचा विचार यादीत कुठेच दिसला नाही.

ज्यांनी आयुष्यभर घरं चालवली, बँकेपासून लग्नकार्यापर्यंत सगळं निभावलं, ती माणसं परदेशातल्या हिवाळ्यात चार-आठ दिवसांत तुझ्या तोंडाकडे बघायला लागतात. दार आपोआप लागलं आणि किल्ली आतच राहिली तर? शेगडी बंद झाली की नाही, कसं कळायचं? हीटर वाढवला तर बिल किती येईल? अशा शंकांपायी ती सोफ्यावर बसून राहतात. संध्याकाळी तू विचारशील, ‘कंटाळा नाही ना आला?’ उत्तर येईल, ‘छे, मस्त आराम झाला.’ त्यावर विसंबू नकोस. त्यांना थंडीपासून जपायचंच आहे, पण तू घरात नसताना ती आपल्या मनाने दाराबाहेर पडू शकतील आणि सुखरूप परत येतील, अशा बेताने सगळी तयारी कर. तिघांसाठी वेगवेगळ्या किल्ल्या आत्ताच करून घे.

निघण्यापूर्वीची कामं थोडक्यात सांगते. प्रवासाचा विमा घेताना आधीपासूनच्या आजारांविषयीचं कलम स्वतः वाच. बाबांचा रक्तदाब आणि मावशीचा मधुमेह त्यात बसतो का, खर्चाचा पहिला किती भाग आपल्या खिशातून जातो, हे विमा कंपनीकडून लेखी घे. औषधं पुरून चार दिवस उरतील इतकी, मूळ पाकिटांत आणि हातातल्या सामानात हवीत. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, तीवर औषधांची मूळ नावं, कारण कंपनीची नावं देशोदेशी बदलतात. इन्सुलिन असेल तर ते सामानाच्या कप्प्यात अजिबात टाकू नये, तिथे ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. वेळेतल्या फरकामुळे डोस कसे सरकवायचे, हे त्यांच्या डॉक्टरांनाच विचारायला सांग. फ्लूची लस निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी व्हावी, तेवढा वेळ तिचा परिणाम व्हायला लागतो. विमानतळावर व्हीलचेअर हवी असेल तर किमान 48 तास आधी कळव. आणि ‘मला काय धाड भरलीय’ असं बाबा म्हणतील, तरी माग. लांबच लांब चालणं आणि रांगांमध्ये तिष्ठणं त्यामुळे वाचतं.

पहिला आठवडा मोकळा ठेव. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास या गतीने सरकतं. पहाटे तीनला स्वयंपाकघरात दिवा लागलेला दिसला तर दचकू नकोस आणि त्यांना झोपायचा आग्रहही करू नकोस. त्या वेळी हलक्या हाताने करता येण्याजोगं काहीतरी त्यांच्यासाठी काढून ठेव. दिवसाचा उजेड अंगावर पडणं हाच यावरचा मोठा उपाय, आणि हिवाळ्यात नेमका तोच दुर्मीळ असतो. आपल्याकडे, म्हणजे 20 उत्तर अक्षांशाच्या आसपास, डिसेंबर अखेरीसही 11 तासांचा दिवस मिळतो. तोच दिवस 50 अक्षांशावर सुमारे 8 तासांचा होतो आणि 60 वर जेमतेम 6 तासांचा. दुपारी चारला काळोख बघून आईला उगाच उदास वाटायला लागलं, तर ते तुझ्या पाहुणचाराचं अपयश समजू नकोस. अकरा ते दोन ही वेळ तिघांच्या बाहेर पडण्याची म्हणून ठरवून टाक. तू त्या वेळी कामावर असशील, म्हणूनच किल्लीचं एवढं सांगते आहे.

आता कपडे. तू एक महागडं जॅकेट आणून मोकळं होशील, अशी मला भीती आहे. थंडी अडते ती थरांमध्ये साठलेल्या हवेने. आत अंगालगत थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. अंगालगत सुती बनियन नको, कारण सूत घाम शोषून ओलंच राहतं आणि थांबल्याबरोबर अंग गारठतं. लोकर थोडी ओली झाली तरी ऊब धरून ठेवते. हातमोजे चार बोटं एकत्र राहणारे घे, त्यात बोटं एकमेकांना ऊब देतात. मोबाइलवरचं तापमान दाखवताना वाऱ्याचाही आकडा बघायला शिकव. उणे 10 अंश आणि ताशी 30 किलोमीटर वारा असला की उघड्या कातडीला ते उणे 20 च्या आसपास जाणवतं. ‘काल तर एवढ्याच थंडीत फिरलो’ हा हिशोब वाऱ्यामुळे चुकतो.

पण कपडे असणं वेगळं आणि ते घालता येणं वेगळं. दाराशी एक खुर्ची ठेव, पाठीची आणि हातांची, स्टूल नको. पहिल्याच दिवशी तिघांना क्रम करून दाखव. आधी मोजे आणि बूट, खुर्चीत बसून. जाड जॅकेट चढवल्यावर पोट दुमडत नाही आणि पायापर्यंत हात पोचत नाही, म्हणून बूट आधी. मग गळपट्टा, मग जॅकेट, मग कानटोपी, आणि हातमोजे अगदी शेवटी, कारण ते घातले की चेन लावता येत नाही. लांब जॅकेटची चेन हे वयस्क बोटांना फार छळणारं प्रकरण आहे. खालच्या टोकाला ती पिन खाचेत बसवायची, तीही नीट न दिसता. चेनच्या टोकाला जाड दोरीचा फास बांधून दे, आणि आईला चार वेळा स्वतः लावू दे. तू पुढे होऊन लावून देऊ नकोस. तुझी पाच मिनिटं जातील, पण त्यानंतरचे दोन महिने तिला कोणाला हाक मारावी लागणार नाही.

मग एक रस्ता. एकच. घरापासून पंधरा-वीस मिनिटांचा, रस्ता कमीत कमी ओलांडावा लागेल असा, आणि टोकाला उबेत बसता येईल अशी जागा असलेला: ग्रंथालय, छोटं दुकान, काहीही. पहिल्या दिवशी तू सोबत चाल. दुसऱ्या दिवशी ती तिघं पुढे आणि तू मागे, वळणं त्यांनी सांगायची. तिसऱ्या दिवशी त्यांना एकटं जाऊ दे. पत्ता लिहिलेलं कार्ड प्रत्येकाच्या खिशात असू दे, कारण कडक थंडीत मोबाइलची बॅटरी बघता बघता उतरते, कधी फोन बंदच पडतो. फोन आतल्या खिशात, अंगालगत ठेवायला सांग.

रस्त्यावरच्या भुसभुशीत बर्फाची त्यांना भीती वाटेल, पण जपायचं असतं ते न दिसणाऱ्या पातळ बर्फापासून. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि सकाळी रस्ता नुसता ओला दिसतो. पायऱ्या, उतार, पुलाचा भाग आणि सावलीतली फरशी इथे तो हमखास असतो. पावलं छोटी, तळवा सपाट, गुडघे किंचित वाकलेले, हात खिशाबाहेर, हे त्यांच्याबरोबर चालूनच शिकव. ज्या सकाळी तुलाच पाय सरकतोय असं वाटेल, त्या दिवशी स्पष्ट सांग की आज कोणी बाहेर जायचं नाही. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर ते दुखणं फार लांबतं.

घरातल्या उबेबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. तुझा थर्मोस्टॅट तू बाहेर पडलास की तापमान खाली आणायला लावलेला असणार. दिवसभर रिकाम्या राहणाऱ्या घरात ते शहाणपणाचं आहे. पण आता त्याच घरात तीन वडीलधारी माणसं दिवसभर बसणार आहेत, आणि नऊ वाजता खोली गार व्हायला लागली तरी ती हात लावणार नाहीत. ब्लँकेटं गुंडाळून बसतील. जागतिक आरोग्य संघटना घरात किमान 18 अंश सुरक्षित मानते आणि वृद्धांसाठी त्याहून जास्त सुचवते. तू दिवसभरासाठी 21 लाव, वेळापत्रक काढून टाक, आणि बटण कसं फिरवायचं ते बाबांकडून तुझ्यासमोर करून घे. बिलाचा विषय त्यांच्या मनातून तूच आधी काढायला हवास. ‘एवढा खर्च मी धरलाय’ असं सरळ सांग.

हीटर चालला की हवा कोरडी पडते. बाहेर शून्य अंशाला पूर्ण दमट असलेली हवा आत येऊन 20 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता एक चतुर्थांशाच्या आसपास उरते. ओठ फुटतात, नाकातून रक्ताचा थेंब येतो, रात्री खोकला लागतो, आणि मंडळी घाबरतात की काहीतरी आजार झाला. हवेत ओलावा सोडणारं एक यंत्र, ह्युमिडिफायर, आण किंवा धुतलेले कपडे खोलीतच वाळत घाल. मात्र खिडकीच्या काचेवर पाणी जमायला लागलं तर ते आवर, नाहीतर बुरशी धरते. आंघोळीनंतर ओलसर अंगालाच तेल किंवा जाड क्रीम लावायचं. पाणी पिण्याची आठवण तूच करायची, कारण उतारवयात तहान कमी जाणवते आणि थंडीत तर त्याहून कमी.

मावशीबद्दल खास. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल, तर तिने हीटरला पाय लावून बसू नये आणि गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपू नये. भाजलेलं तिला कळणारच नाही. रोज रात्री तळपाय बघायची सवय ठेवा. बाहेरून आल्यावर कोणाचीही बोटं पांढरट आणि बधिर दिसली तर चोळायची नाहीत, कोमट पाण्यात ठेवायची, आणि रंग-जाणीव परत येत नसेल तर डॉक्टर.

दारातला बर्फ काढायचं फावडं कुलपात ठेव. हे मी गंभीरपणे सांगते. तुला मदत म्हणून बाबा भल्या पहाटे उठून बर्फ उपसायला लागतील, त्यांचा स्वभाव मला माहीत आहे. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो, त्यात अचानक एवढे कष्ट, म्हणजे हृदयावर फार मोठा ताण. त्यांना दुसरं काम दे, पण खरं दे. कोणी उगाच गुंतवून ठेवतंय हे त्यांना लगेच कळतं. रोजचं दूध-भाजी त्यांनी आणायची, घरातला मोडका कप्पा दुरुस्त करायचा, असं काहीतरी, ज्यात तू ढवळाढवळ करणार नाहीस. आणि स्वयंपाकघर आईने आपल्या पद्धतीने लावलं तर दोन महिने लावू दे.

छातीत दुखणं, धाप लागणं, बोलताना शब्द अडणं, यांपैकी काहीही झालं तर तुझ्या फोनची वाट न बघता थेट आपत्कालीन नंबर लावायचा. तो नंबर आणि घराचा पत्ता, तिथल्या भाषेतला पण देवनागरीत लिहिलेला, फ्रिजवर चिकटव. एकदा मोठ्याने वाचून घे.

तिसऱ्या आठवड्यात तुमची एखादी चकमक झडेल. घर लहान, खिडक्या बंद, सगळे सतत एकमेकांच्या नजरेसमोर. तुझ्या जोडीदारावर याचा ताण जास्त येईल, कारण ती माणसं तुझी आहेत. आठवड्यातली एक संध्याकाळ तुम्ही दोघं बाहेर जा आणि त्याची आई-बाबांना आधीच कल्पना दे. त्यांनाही तुमच्याविना थोडं मोकळं बसायचं असतंच, फक्त तसं म्हणायला त्यांची जीभ रेटत नाही.

आता आजच करायचं काम. त्यांच्याकडे संध्याकाळ झाली की फोन कर, तेव्हा दिवसभर चालून पावलं किंचित सुजलेली असतात आणि माप खरं येतं. जाड मोजे घालून कागदावर उभं राहायचं, पेन्सिलीने पावलाची रेघ काढायची, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो पाठवायचा. दोन्ही पावलांचा, कारण ती सारखी नसतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहील असेच बूट घे, घट्ट बुटात रक्त खेळत नाही आणि पाय लवकर गारठतात. तळाला खोल खाचा हव्यात, घोट्याच्या वर पोचणारे हवेत, आणि मावशीसाठी लेसऐवजी पट्टीचे बघ. फोटो आले की मलाही पाठव, दोघं मिळून बघू.

तुझी,
काकू