स्पोर्ट्स कारचे फक्त मागचे दोन टायर बदलायचेत, दुसऱ्या ब्रँडचे टाकले तर चालतील का?

म्हणजे तुम्ही सेकंडहँड टू-सीटर घेतलीय, रिअर-व्हील ड्राइव्ह, मागचे टायर गोटा झालेत, पुढचे नव्यासारखे दिसतात, आणि मागे दुसऱ्या ब्रँडचे किंवा मग थेट ट्रॅकवाले सेमी-स्लिक (म्हणजे रेसच्या ट्रॅकसाठीचे, अगदी कमी खाचांचे टायर) टाकावे असं मनात आहे. सेमी-स्लिकचं सांगतो, पण आधी वाकून त्या पुढच्या टायरची तारीख बघा.

साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, डीओटी लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. १४१७ असेल तर २०१७ सालच्या चौदाव्या आठवड्यात बनलेला टायर. बाहेरून आकडे दिसले नाहीत तर आतल्या बाजूला बघा, बऱ्याच टायरना पूर्ण कोड एकाच बाजूला असतो. हे एवढ्यासाठी सांगतोय की असल्या गाड्या चालतात कमी आणि उभ्या जास्त, त्यामुळे टायर झिजायच्या आधीच म्हातारा होतो, खाचा मस्त खोल दिसतात आणि रबर मात्र कडक होऊन बसलेलं असतं. २०१३ साली हॉलिवूडचा नट पॉल वॉकर ज्या पोर्शे कॅरेरा जीटीत गेला तिचे टायर नऊ वर्षं जुने होते. मुख्य कारण वेगच होतं, पण तपासात टायरच्या वयाचीही नोंद झाली. सहा वर्षांच्या पुढचे निघाले तर माझ्या मते चारही बदला, मागच्या दोनाचा विषयच संपला.

आता समजा तारीख ताजी निघाली. तरी मागे वेगळ्या जातीचे टायर टाकू नका, हा शहाणपणा मी स्वतः करून बसलोय. पुढे चांगले चिकट स्पोर्ट टायर होते, मागचे संपले, टायरवाला म्हणाला साइझ सेम आहे काही होत नाही, आणि मी मागे साधे टूरिंगचे टाकून घेतले. कोरड्या रस्त्यावर महिनाभर काही जाणवलंच नाही, उलट आवाज कमी झाला म्हणून मी खूश. मग पहिल्या पावसात एका गोल चौकात, वेग अगदी साधा, पुढची चाकं वळली आणि मागचा भाग सरळ निघाला, आणि गाडी जिकडून आली तिकडे तोंड करून उभी! मागे कोणी नव्हतं म्हणून आज हे टाइप करतोय. पुढची पकड कमी पडली तर गाडी नाक बाहेर काढत सरळ जाते, तिथे पाय उचलला की बहुतेक वेळा सावरते. मागची पकड कमी पडली की आपण घाबरून तसाच पाय उचलतो, वजन पुढे जातं, मागचं टोक अजूनच हलकं होतं आणि खेळ खलास. म्हणून चारही एकाच मॉडेलचे, नुसत्या एकाच ब्रँडचे नाही. पुढचं मॉडेल अजून मिळत असेल तर तेच मागे टाका. मिळत नसेल तर चार नवीन, जड जातं माहितीय.

त्यातही एक बारीक गोष्ट. पोर्शेसाठीच्या टायरवर एन० एन१ असं असतं, बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, मर्सिडीजसाठी एमओ. तेच नाव, तीच साइझ, पण खूण वेगळी म्हणजे आतलं रबर किंवा बांधणी वेगळी असू शकते. खुणेशिवाय गाडी चालणारच नाही असं नाही, फक्त पुढे एक आणि मागे दुसरं असा मेळ करू नका.

साइझ मॅन्युअलमध्ये दिलीय तीच. २४५/४० आर १८ ९७ वाय, यातलं शेवटचं लोक वाचतच नाहीत. ९७ म्हणजे एका टायरला ७३० किलोपर्यंतचा भार आणि वाय म्हणजे ताशी ३०० किमीपर्यंत. आपण कुठे ३०० ने जाणार म्हणून खालच्या रेटिंगचा घेऊ नका. दिसायला भारी म्हणून एक इंच मोठी रिम घ्यायचा मोह होतो, पण साइडवॉल बारीक झाली की खड्ड्यात रिम वाकते आणि चाक सहसा जडच होतं. रुंदी वाढवण्याचंही तसंच, साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो.

सेमी-स्लिक. तुम्ही महिन्यातून एकदा तरी ट्रॅकवर जाता का? नसाल तर विसरा. ते गरम झाल्यावरच चिकटतात, रस्त्यावर तेवढे गरम होत नाहीत, खाचा कमी म्हणून पावसात भीती, आणि बघता बघता झिजतात. रस्त्यासाठी मिशलिन पायलट स्पोर्ट ४एस, कॉन्टिनेंटल स्पोर्टकॉन्टॅक्ट ७, गुडइयर ईगल एफ१ असिमेट्रिक ६ या गटातलं जे तुमच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही साइझमध्ये मिळेल ते घ्या, यांच्यातला फरक तुम्हाआम्हाला कळायच्या आत लायसन्स जाईल. हे सगळे समर टायर आहेत, साधारण ७ डिग्रीच्या खाली रबर ताठरतं, तुमच्याकडे कडक थंडी पडत असेल तर त्या महिन्यांसाठी विंटर टायर वेगळे लागतील.

आणि जुने मागचे टायर काढल्यावर फेकायच्या आधी त्यांची आतली कड बघा. बाहेरून अर्धी नक्षी शिल्लक आणि आतून तारा दिसतायत असं असेल तर अलाइनमेंट बिघडलंय, ते न करता नवे चढवले तर नवेही तसेच जातील. स्पोर्ट्स कारमध्ये थोडा निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाक वरून जरा आत कललेलं, कंपनीच देते त्यामुळे आतून जरा जास्त झीज चालते, पण तारा दिसेपर्यंत नाही.

बसवून आल्यावर पहिले दोनतीनशे किलोमीटर जरा दमाने, नव्या टायरवर साच्यातला गुळगुळीतपणा असतो. हवा गार टायरमध्ये भरा, दाराच्या स्टिकरवर जेवढी लिहिलीय तेवढी, पुढची मागची वेगळी असेल तर वेगळीच. तारीख काय निघते ते इथे लिहा, मग पुढच्या टायरचं बघू.