लाइट जाताच यूपीएससकट कॉम्प्युटर बंद पडतो. बॅटरी बदलू की नवा यूपीएस घेऊ?

तुम्ही दिलेली माहिती अशी: घर इंदूरला सुदामानगरात, यूपीएस 600 व्हीएचा आणि तीन वर्षांचा, त्यावर डेस्कटॉप, मॉनिटर आणि लेझर प्रिंटर. लाइट गेली की अर्ध्या मिनिटात सगळं बंद. घरात इन्व्हर्टर आहे, पण कॉम्प्युटर त्यावर नाही. एवढ्यावरून तरी यूपीएस फेकायचं कारण दिसत नाही. बहुतेक बॅटरी संपली आहे, आणि प्रिंटर तिथे नको होता.

आधी प्रिंटर काढून सरळ भिंतीच्या सॉकेटवर लावा. 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅटचाच असतो. खोक्यावर व्हीए ठळक छापतात, वॅट बारीक अक्षरात. लेझर प्रिंटरचा आतला रोलर तापताना काही सेकंद 600 ते 1000 वॅट ओढतो. नेमक्या त्या वेळी लाइट गेली तर नवीकोरी बॅटरीसुद्धा यूपीएसला वाचवू शकत नाही.

आता बॅटरी. बहुतेक 600 व्हीएच्या यूपीएसमध्ये 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी असते. यूपीएस पूर्ण चार्ज करा, बंद करा, प्लग काढा, मग बॅटरी बाहेर काढून तासाभराने मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं मीटर) लावा. 12.7 व्होल्टच्या वर असेल तर चार्ज ठीक आहे. 10.5 च्या आसपास किंवा खाली दिसला तर एक सेल गेला समजा. पण नुसता व्होल्टेज फसवतो. म्हणून गाडीच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट 21 वॅटचा बल्ब बॅटरीवर लावा आणि मीटर चालूच ठेवा. चांगली बॅटरी हा बल्ब दोन-अडीच तास सहज ओढते. दहा-पंधरा मिनिटांतच 11.5 च्या खाली आली तर ती गेलेली आहे, चार्जिंगने परत येणार नाही.

तीन वर्षांत ती जाणं यात नवल नाही. या बॅटऱ्यांचं आयुष्य 25 अंशांवर मोजलेलं असतं, आणि त्यावर दर 10 अंशांमागे ते जवळपास निम्मं होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो; त्यात यूपीएस टेबलाखाली सीपीयूच्या गरम हवेसमोर किंवा उन्हाच्या खिडकीशी असला तर विचारायलाच नको.

आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये कॉम्प्युटरची दुकानं आहेत, तिथे चौकशी करा. जुनी बॅटरी सोबत न्या, कारण माप (सुमारे 151 × 65 × 94 मिलिमीटर) आणि टर्मिनलची (तार लावायच्या पट्टीची) रुंदी जुळायला हवी. टर्मिनल 4.8 किंवा 6.3 मिलिमीटरचं येतं. ढिल्या बसलेल्या क्लिपने पुढे गरम होऊन जळण्याचा धोका असतो. घेताना तयार झाल्याची तारीख बघा. सहा महिने फळीवर पडून राहिलेली बॅटरी नवी नसते. दुकानातच मीटर लावायला सांगा, 12.5 च्या खाली असेल तर घेऊ नका. जुनी तिथेच परत द्या, आत शिसं आणि आम्ल असतं, ती कचरागाडीत टाकू नका.

बसवताना लाल तार प्लसला. शेवटची क्लिप लावताना बारीक ठिणगी उडते, घाबरू नका; उलटी जोडलीत तर मात्र यूपीएसचं सर्किट जाईल. पहिल्यांदा सहा ते आठ तास चार्ज होऊ द्या.

कुणी म्हणेल, बाहेरून गाडीची मोठी बॅटरी जोडा, तासभर चालेल. ऐकू नका. लहान यूपीएसचा चार्जर ती पूर्ण भरू शकत नाही, आणि आतला ट्रान्सफॉर्मर काही मिनिटं चालण्यासाठी बनवलेला असतो, तासभर नाही.

साधा ऑफिसच्या कामाचा डेस्कटॉप आणि 22 इंची मॉनिटर मिळून 100 वॅटच्या आसपास घेतात. त्यावर नवी बॅटरी 15 ते 20 मिनिटं देते. भार 200 वॅट झाला की वेळ निम्म्याहूनही कमी होते. जितका वेगाने करंट ओढाल तितकी बॅटरी कमी देते. तेव्हा यूपीएस हा काम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्याइतका वेळ देतो, काम करत बसण्याचा नाही.

ते बंद करणंही आपोआप व्हायला हवं. यूपीएसच्या मागे यूएसबी पोर्ट असेल तर केबल लावा. पुष्कळ यूपीएस विंडोजला लॅपटॉपच्या बॅटरीसारखे दिसतात. मग पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये क्रिटिकल बॅटरी अ‍ॅक्शन हायबरनेट (उघडं काम डिस्कवर ठेवून मशीन पूर्ण बंद) ठेवा आणि क्रिटिकल पातळी 5 टक्क्यांऐवजी 30 करा. बॅटरी जुनी झाली की 30 वरून शून्यावर एकदम कोसळते, 5 टक्क्यांची वाट बघाल तर उशीर होईल. स्लीप निवडू नका: स्लीपमध्ये मेमरीला वीज लागतेच. पोर्टच नसेल तर ऑटोसेव्ह दोन मिनिटांवर ठेवा आणि बीप झाला की हाताने बंद करा.

तासभर काम करायचं असेल तर इन्व्हर्टर वापरा. तो साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा) असेल तर त्याच्या लाइनवर यूपीएस आणि यूपीएसवर कॉम्प्युटर, ही जोडणी सर्वांत चांगली: इन्व्हर्टर वेळ देतो, यूपीएस मधला क्षण सांभाळतो. इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. स्क्वेअर वेव्हचा (चौकोनी, तुटक लाटेचा) असेल तर यूपीएस ती वीज खराब समजून पुन्हा पुन्हा बॅटरीवर जातो, टकटक करत राहतो आणि शेवटी बंद पडतो.

सगळं झालं की महिन्यातून एकदा काम सेव्ह करून भिंतीवरचा स्विच बंद करून बघा. प्लग उपटू नका, स्विचने अर्थिंग जोडलेलं राहतं.

नवी बॅटरी आणि प्रिंटर बाजूला, तरीही लाइट जाताच कॉम्प्युटर रीस्टार्ट होत असेल आणि यूपीएस मात्र चालूच राहत असेल, तर एसएमपीएसचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याचं, लेबल वाचा. त्यावर अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (करंट नीट, सलग ओढणारं सर्किट) लिहिलं असेल तर स्वस्त यूपीएसची पायऱ्यांची वेव्ह त्याला न मानवणं शक्य आहे. तेव्हाच नवा यूपीएस घ्या, आणि तो प्युअर साइन वेव्हचा, 1000 व्हीएचा.