कमांड लाइन टूलच्या ऑप्शनचं डॉक्युमेंटेशन कसं लिहावं? प्रत्येकाला एक ओळ पुरे का, आणि क्रम वर्णानुक्रमे लावावा का?

एक ओळ पुरत नाही. "थोडक्यात लिहा, कोणी वाचत नाही" म्हणणारे रात्री दोनला फोन उचलत नाहीत, म्हणून हे लिहितोय.

माझ्या आधीच्या कंपनीत जुने बॅकअप उडवणारं एक घरगुती टूल होतं. त्यात '--कीप' हा ऑप्शन. टूल स्वतः छापतं त्या हेल्पमध्ये त्यापुढे एवढंच: "किती ठेवायचे ते." किती काय? दिवस की प्रती? टूल प्रती मोजायचं आणि बॅकअप दर तासाला व्हायचा. नाइट शिफ्टच्या नव्या मुलाने आठवडाभराचे राहतील अशा समजुतीने ७ दिले. सात तासांमागचं सगळं गेलं. मीटिंगमध्ये सगळे त्या पोरावर तुटून पडले. मी म्हटलं, दोष त्या ओळीचा आहे. लीड म्हणाले, "कोड होता ना समोर, बघायचा." मग हेल्प छापायची कशाला?

मी ओळ बदलून पाठवली: "सर्वात नव्या इतक्या प्रती ठेवतो, बाकीच्या कायमच्या पुसतो. दिवस नव्हे, प्रती. आकडा न दिल्यास २४." 'फार लांब' म्हणून परत आली!

फाइली शोधणाऱ्या फाइंड कमांडचं मॅन पेज, म्हणजे तिचं सविस्तर माहितीपान, बघा. त्यात फाइल शेवटची कधी बदलली ते बघणारा '-एमटाइम' हा ऑप्शन आहे. '-एमटाइम +१' म्हणजे एका दिवसाहून जुन्या फाइली, असंच कोणालाही वाटेल. पण चोवीस तासांचे पूर्ण गठ्ठे मोजून वरचा अपूर्णांक सोडून देतात, त्यामुळे फाइल किमान दोन दिवस जुनी लागते. हे '-एटाइम'खाली (फाइल शेवटची कधी वाचली ते बघणारा ऑप्शन) स्पष्ट लिहिलंय. '-एमटाइम'खाली मात्र "तिकडे बघा". माझ्या मते ते वाक्य दोन्हीकडे हवं.

तेव्हा एकक लिहा, ऑप्शन दिलाच नाही तर काय होतं ते लिहा, काय पुसलं जाणार ते लिहा. "फोर्स: जबरदस्तीने करतो" असलं काही नको. टीममध्ये कोणी लांबीची तक्रार केली, तर त्यालाच ती ओळ वाचायला देऊन विचारा, आता कुठल्या फाइली जातील?

अर्थात छोटी ओळही चालते. एका जागेच्या फाइली दुसऱ्या जागी जशाच्या तशा नेणाऱ्या आरसिंकच्या हेल्पमध्ये '--डिलीट'समोर एकच ओळ आहे, पण फाइली कुठल्या बाजूच्या जाणार हे तिच्यात आहे. आणि स्क्रिप्ट फक्त तुम्हीच वापरणार असाल तर एवढा खटाटोप नको.

क्रमाचं म्हणाल तर हेल्पमध्ये रोजचे ऑप्शन वर घ्या, मॅन पेजमध्ये वर्णानुक्रम चालेल.